पांढरा केस, लांबी सव्वीस सेंटिमीटर

९ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. सोबत दोन गोष्टी पाठवतो आहे. पहिली म्हणजे तुझ्या बाबाच्या भिंतीवरचं ते लाकडी चौकटीचं यंत्र. दादा गेला तेव्हापासून ते माझ्या टेबलाशेजारी आहे, आणि महिनाभरात त्याने पार ताळतंत्र सोडलंय. हवा इतकी कोरडी की ओठ फुटताहेत, आणि हा शहाणा सांगतो, ओलावा साठ टक्के! तुझ्या प्रयोगशाळेत दिवसभर हेच उद्योग चालतात, म्हणून तुझ्या गळ्यात मारतोय. सवडीने बघ.

दुसरी गोष्ट माझी. विसरलेल्या इंग्रजी शब्दांच्या कोशात मी आता मापनयंत्रांच्या प्रकरणाशी आलोय. हे प्रकरण दादा तपासणार होता. तो माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने एकच शेरा मारायचा, "व्युत्पत्ती सुंदर, यंत्र चुकीचं." ते काम आता तुझ्याकडे. एकसष्ट चिठ्ठ्या आहेत. कागद पाठकोरे आहेत म्हणून नाक मुरडू नकोस. चाळीस वर्षं मी प्रेसमध्ये दुसऱ्यांची मुद्रितं तपासली आणि त्यांच्याच पाठीवर माझा कोश लिहिला. कोऱ्या कागदावर मला अजूनही दडपण येतं.

एक गंमत. सायक्रोमीटरची चिठ्ठी प्रेसमधल्या नव्या मुलीने टाइप केली आणि शहाणपणाने पुढे लिहिलं, "मन मोजण्याचे यंत्र". मी म्हटलं, बाई गं, ग्रीकमध्ये सायक्रॉस म्हणजे थंड. दोन थर्मामीटर, एकाला ओलं फडकं, बस. ती म्हणाली, "मग काका, मन मोजायचं कुठलं?" मी म्हटलं, ते निघालं की कोशाची पुरवणी काढू.

फोन करू नकोस. छपाईयंत्रांनी माझे कान खाल्ले, ते काही परत देणार नाहीत. पत्रच लिही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा काका

१७ नोव्हेंबर

ती. काकांस सा. न.

चिठ्ठ्या तपासल्या. बहुतेक बरोबर आहेत.

ओपिसोमीटरपुढे तुम्ही "मागे राहिलेले अंतर मोजणारे" लिहिलंय. ते चूक आहे. नकाशावरची वाकडी रेघ, म्हणजे नदी किंवा रस्ता, मोजायला हे छोटं चाक असतं. ते रेघेवरून पुढे नेतात आणि मग सरळ पट्टीवर उलटं फिरवत शून्यावर आणतात. परत यायला जितकी पट्टी लागली तितकी ती रेघ लांब. ओपिसो म्हणजे मागे हे तुमचं बरोबर आहे, पण मागे जातं ते चाक. युडिओमीटरमध्ये मूळ शब्दाचा अर्थ "स्वच्छ हवामान" असा द्या. हवा किती चांगली आहे हे त्यातून कळेल असं पूर्वी लोकांना वाटायचं. प्रत्यक्षात ते वायूचं आकारमान मोजतं.

'स'मध्ये सिम्पिझोमीटर नाही. जहाजावरचं जुनं वायुभारमापक, पाऱ्याऐवजी तेल आणि कोंडलेला वायू वापरणारं. इतका विचित्र शब्द तुमच्या नजरेतून सुटला याचं आश्चर्य वाटलं.

आता यंत्र. मिठाच्या संपृक्त द्रावणांवर दोन ठिकाणी तपासलं. खरी आर्द्रता तेहतीस असताना ते सत्तेचाळीस दाखवतं, पंचाहत्तर असताना एक्याण्णव. दोष काट्यात नाही, केसात आहे. तुम्हाला माहीत असेलच, पण या यंत्राचा जीव म्हणजे माणसाचा एक केस. तेल काढून टाकलेला केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि ती हालचाल तरफेने काट्यापर्यंत पोचते. हा केस ताणला गेलाय. बदलावा लागेल.

तो केस पांढरा आहे. लांबी सव्वीस सेंटिमीटर.

लहानपणी बाबांनी मला सांगितलं होतं की यात आईचा केस आहे. मी स्टुलावर चढून काचेच्या फटीतून आत श्वास सोडायचे आणि काटा हलला की मला वाटायचं, ऐकलं तिने. शाळेतलं सगळं मी त्या फटीला सांगितलंय. आई मी चार वर्षांची असताना वारली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. घरातल्या तिन्ही फोटोंत तिचे केस काळे आहेत. म्हणून विचारते, हा केस कोणाचा?

आणखी एक नोंद. मंगळवारी यंत्र आमच्या चाचणीपेटीत होतं. ही पेटी कपाटाएवढी असते, आतली आर्द्रता आम्ही ठरवू तेवढीच राहते. दार बंद, हवा स्थिर. काटा सत्तेचाळीसवरून पन्नासवर गेला आणि परत आला. मग पुन्हा. पाच मिनिटं हे चालू होतं, साधारण माणसाच्या श्वासाच्या लयीत. दाराचं रबर सैल निघालं. ते बदलल्यावर पुन्हा झालं नाही. मी हे अहवालात लिहिलेलं नाही.

इथले लोक माझी चेष्टा करतात, कारण पेटी बंद करण्याआधी मी दारावर दोनदा टकटक करते. "आत कोणी आहे का, विचारतेय," म्हणतात. जुनी सवय आहे, कुठून लागली माहीत नाही.

तुमची,
पुतणी

२४ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. ओपिसोमीटरवर मी कान पकडले. चाळीस वर्षं मी समजत होतो की ते यंत्र मागे पाहतं. ते मागे येतं होय! दादा असता तर आठवडाभर हसला असता.

केसाचं काय घेऊन बसलीस? जुना केस, वर्षानुवर्षं उजेडात. त्यात ईथरने धुतलेला. उडाला असेल रंग. माझा कोट बघ, शिवला तेव्हा काळा होता, आता त्याचा रंग सांगायला कमिटी बसवावी लागेल. तू दुसरा कुठलाही केस बसव आणि मोकळी हो. तुमच्याकडे गठ्ठ्यांनी येत असतील.

आणि सिम्पिझोमीटर राहू दे. एखादा शब्द कोशातून सुटला म्हणून इंग्रजी बंद पडणार नाही.

दुसरा गठ्ठा पाठवतोय. यात यंत्रं आहेत आणि त्यांचे नातेवाईकही. क्लिनोमीटर बघ. उताराचा कोन मोजतं, मुळात ग्रीक क्लिनो, म्हणजे कलणं. त्याच घरातली क्लिने, म्हणजे जिच्यावर माणूस कलतो ती खाट. आणि खाटेशेजारी येणारा तो वैद्य, त्यावरून क्लिनिक. म्हणजे डोंगराचा उतार आणि दवाखान्यातली खाट सख्खी भावंडं निघाली. ड्रोसोमीटर दव मोजतं. सायनोमीटर आकाश किती निळं आहे ते सांगतं, त्याला एक निळ्या छटांची चकती असते आणि ती डोळ्यांसमोर धरायची. कोणाला एवढा वेळ होता कोण जाणे. यूडोमीटर म्हणजे आपलं पर्जन्यमापक, पण नाव असं की पाहुण्यांसमोर काढावं.

गठ्ठा घाईत बांधलाय. क्रम चुकला असेल तर लाव. एवढं मन लावून काम करतेस, पण पत्रात स्वतःबद्दल एक ओळ लिहीत नाहीस. दादावर गेलीस अगदी.

तुझा काका

३ डिसेंबर

ती. काकांस सा. न.

ईथरने केसाचं तेल जातं, रंग जात नाही. आमच्या संग्रहात साठ वर्षांपूर्वीचं यंत्र आहे. त्यातला केस अजून काळा आहे. तुमच्या यंत्रातला केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो रंग उडालेला केस नाही, पांढराच उगवलेला आहे. खालची क्लँप अलीकडे उघडलेली आहे, स्क्रूच्या खाचेत पितळ ताजं चमकतंय. बाबांनी तो केस जास्तीत जास्त दीड वर्षापूर्वी बसवला असावा.

त्यात मला विशेष वाटलं नसतं. बाबांनी कुठूनतरी केस मिळवला आणि मला लहानपणी एक गोष्ट सांगितली, एवढंच मी धरून चालले असते.

दुसऱ्या गठ्ठ्याचा क्रम लावताना अ‍ॅनेमोमीटर आणि अ‍ॅटमोमीटर यांच्यामध्ये एक चिठ्ठी निघाली, तिच्यावर यंत्र नव्हतं. शब्द असायलम. तुम्ही लिहिलंय, "ग्रीक असिलॉन. अ म्हणजे नाही, सिले म्हणजे पकडून नेण्याचा हक्क. जिथून कोणालाही ओढून नेता येत नाही अशी जागा. आजचा अर्थ, वेड्यांचं इस्पितळ, फार नंतरचा." या चिठ्ठीवर बाबांची लाल पेन्सिल आहे. शेरा नाही, नुसती शब्दाखाली रेघ.

मी चिठ्ठी उलटली. मागे छापील पास आहे, कापलेला, पण पुरेसा. दीर्घ मुदतीच्या रुग्णांसाठी भेटीचा पास. वॉर्ड तीन, स्त्रिया. भेटणाऱ्याच्या नावाचा भाग कापला गेलाय. रुग्णाशी नाते या रकान्यात तुमच्या अक्षरात लिहिलंय: दीर.

तुम्हाला एकच भाऊ होता.

आजवर भरलेल्या प्रत्येक अर्जात मी आईच्या नावापुढे मयत असं लिहिलं. तिचा दाखला कधी पाहिला नाही. मागितलाही नाही, आणि मी तर दिवसभर लोकांकडे प्रमाणपत्रं मागत असते.

यावर मला व्युत्पत्ती नको आहे. पुढच्या ओळीचं उत्तर हो किंवा नाही असं लिहा.

माझी आई जिवंत आहे का?

पुतणी

२ जानेवारी

ती. काकांस,

महिना झाला. पत्र तुम्हाला मिळालं आहे, पोचपावती माझ्याकडे आहे.

मधल्या काळात मी दोन्ही गठ्ठ्यांतली प्रत्येक चिठ्ठी उलटून पाहिली. मुद्रितं आहेत, कॅलेंडरची पानं आहेत, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाची एक प्रत आहे. पास चौदा आहेत. तारखेप्रमाणे लावले. पहिला एकोणीस वर्षांपूर्वीचा. बहुतेक ऑक्टोबरचे आहेत, वर्षाला एक. शेवटचा गेल्या सप्टेंबरचा, बाबा गेल्यानंतर पाच आठवड्यांनी. तो ड्रोसोमीटरच्या मागे आहे.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मी त्या पत्त्यावर जाईन. पत्ता निम्मा आहे, पण निम्मा पुरतो.

यंत्र माझ्या टेबलावर आहे. अजून केस बदललेला नाही. मी खोलीत आले की काटा दोनने चढतो. कोणीही आलं तरी चढेल, हे मला माहीत आहे.

पुतणी

९ जानेवारी

चि. बाळ,

हो.

हा एक शब्द लिहायला मला पाच आठवडे लागले. आता बाकीचं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा हातात पेन धरणार नाही.

दादा यंत्रशाळेत फोरमन होता हे तुला ठाऊक आहे. वहिनी त्याच यंत्रशाळेत केसांच्या बाकावर होती, हे तुला कोणी सांगितलं नाही. केस निवडणं, धुणं, मापात कापणं. तिच्या हातचा केस वर्षभर एक टक्काही चुकायचा नाही. तू तिसऱ्या वर्षात होतीस तेव्हा तिला हवेची भीती वाटायला लागली. हवा खराब आहे, ती पोरीच्या छातीत जातेय. खिडक्यांना ओली फडकी लावायची. तुला बाहेर सोडेना. आम्ही म्हणायचो, दमली आहे, होईल बरी. कानाडोळा केला, दुसरं काय.

एके दिवशी दुपारी ती तुला घेऊन यंत्रशाळेत गेली आणि चाचणीपेटीत ठेवून तिने दार लावलं. तिला तुझं वाईट करायचं नव्हतं गं. आतली हवा मोजलेली असते, म्हणून. ती दाराला पाठ लावून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, चाचणी चालू आहे. कोणाला संशय येणार? ते तिचं रोजचंच वाक्य होतं.

मी त्या दिवशी दादाला एक शब्द विचारायला आलो होतो. सिम्पिझोमीटर. दादा जागेवर नव्हता म्हणून म्हटलं, वहिनीला विचारावं. तेव्हा माझे कान चांगले होते. मला पेटीतून टकटक ऐकू आली. अगदी हलकी, दोनदा. मी वहिनीला बाजूला ढकललं आणि दार ओढलं. चाळीस मिनिटं होतीस आत. ओठ निळे, मान टाकलेली. दादा धावत आला आणि तुला उचलून घेऊन गेला. वहिनीने तेवढंच पाहिलं, त्याच्या हातातून लोंबणारे तुझे पाय.

तिच्यासाठी तू तिथेच संपलीस. तू बरी झालीस, शाळेत गेलीस, पहिली आलीस, मी प्रत्येक वेळी सांगितलं. फोटो नेले. "ही दुसरी कोणाची तरी आहे, भाऊजी," म्हणते, आणि माझीच समजूत घालते. तुझ्या बाबाला ती त्या दिवसानंतर एकदाही भेटली नाही. "त्यांच्या मुलीला मारून त्यांना तोंड कसं दाखवू?" डॉक्टर म्हणाले, लहान मुलीला एवढ्यात आणू नका. ते एवढ्यात संपलंच नाही. तू सहा वर्षांची झालीस आणि रोज विचारायला लागलीस, तेव्हा दादाने सांगून टाकलं की ती वारली. एकदा सांगितलेलं परत घेणं त्याला जमलं नाही. मला जमलं असतं, पण मी त्याच्या मागे लपलो.

भेटायची नाही, पण दर ऑक्टोबरात त्याच्यासाठी एक केस द्यायची. स्वच्छ केलेला, पुठ्ठ्यावर गुंडाळलेला. तो मी आणायचो आणि दादा बसवायचा. सकाळी उठला की आधी त्या काट्याकडे बघायचा. यंत्र हवा मोजतं, माणूस नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी बघायचा.

सप्टेंबरात मी तिला सांगायला गेलो की दादा गेला. तिने हे मात्र लगेच खरं मानलं. म्हणाली, "मग आता केस कोणासाठी?" आणि आत गेली. ऑक्टोबरात केस आला नाही. जुना केस ढिला पडत गेला, काटा चढत गेला, आणि मला रोज वाटायचं, ती पण चालली. म्हणून यंत्र तुझ्याकडे पाठवलं. पास मी मुद्दाम ठेवले का, म्हणून विचारशील. देवाशपथ सांगतो, मलाच कळत नाही.

तू जाशील. पण मनाची तयारी करून जा. तिच्यासमोर तू उभी असशील आणि ती तुला सांगेल की माझी मुलगी मेली.

काका

१५ जानेवारी

ती. काकांस,

पत्र मिळालं.

मी तुमच्यावर रागावले आहे. पेटीचं दार उघडल्याबद्दल आभारीही आहे. दोन्ही एका पत्रात नीट लिहिता येत नाही, म्हणून आज फक्त पहिलं लिहिते.

भेटीची वेळ, वॉर्डमध्ये काय नेऊ देतात आणि कात्री चालते का, एवढं कळवा. सोबत येऊ नका. तुम्ही असलात की ती तुमची समजूत घालत बसेल.

मी जिवंत आहे हे तिला पटलं पाहिजे. मला दुसरं काही नको आहे. ती माझ्याशी बोलली नाही तरी चालेल.

पुतणी

९ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

शनिवारी जाऊन आले. क्रमाने लिहिते.

खिडकीवरच्या बाईंनी पास भरायला दिला. नात्याच्या रकान्यात मी मुलगी लिहिलं. त्यांनी वही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यांना मुलगी नाहीये." मी म्हटलं, "नोंद दुरुस्त करा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

वॉर्ड स्वच्छ आहे. सहा खाटा, एक लांब टेबल. ती खिडकीपासून सर्वांत दूर बसली होती. माझ्या अंदाजापेक्षा बुटकी आहे. केस पूर्ण पांढरे, घट्ट बांधलेले. पिशवीत माझा जन्मदाखला होता, शाळेपासूनचे फोटो होते, तुमचं पत्र होतं. पुरावा म्हणून मी तो सगळा गठ्ठा नीट लावून नेला होता. त्यातलं काहीच बाहेर काढलं नाही. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "मी आर्द्रतामापकं तपासते."

तिने आधी चौकट पाहिली, मग काटा. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे आमच्या यांच्या भिंतीवरचं. तुम्हाला कोणी दिलं?"

"तुमच्या दिरांनी."

"त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. किती चुकतंय?"

"तेहतीसला सत्तेचाळीस."

"चौदा?" तिला ते लागलं. "भिंत बाहेरची होती का?" मी सांगितलं, दिरांच्या टेबलाशेजारी होतं. "टेबलाशेजारी? मग काय होणार. रोज त्यांच्या चहाची वाफ खात असेल. केस बदला."

"त्यासाठीच आलेय."

"मी आता देत नाही."

"माझा घ्या," मी म्हटलं.

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या वेणीकडे. "तेल लावता?" नाही. "रंग?" नाही. "पाठ करा." मी वेणी सोडून पाठ करून बसले. तिची बोटं थंड आहेत. मानेजवळच्या केसांत तिने बराच वेळ शोधलं आणि एक केस वेगळा काढून दोन बोटांत धरून खाली ओढत नेला. "पुढचे उन्हाने खराब होतात. मागचे बरे असतात," म्हणाली. सिस्टर कात्री घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, कात्री त्यांनीच चालवली. आईने केस स्पिरिटच्या बोळ्यातून तीनदा ओढला, उजेडात धरला, पुठ्ठ्यावर गुंडाळला. इतकं नीटनेटकं काम मी आमच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही.

मग तिने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. यंत्रशाळेच्या पद्धतीप्रमाणे पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहायच्या असतात. केस कोणाचा, वय, तारीख.

"काय लिहू?"

"आधी वय लिहा. सत्तावीस."

तिने पेन्सिल टेकवली आणि तशीच धरली. ओठांत मोजत होती.

"माझी असती तर तीही सत्तावीसची असती," ती म्हणाली.

मी काय बोलायचं हे ठरवून गेले नव्हते. म्हटलं, "मी चाचणीपेटीत चाळीस मिनिटं होते. आतून दोनदा टकटक केली. काका एक शब्द विचारायला आले होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी तुम्हाला ढकललं आणि दार उघडलं. बाबा मला उचलून घेऊन गेले. यंत्रशाळेच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत मी श्वास घेतला असणार, कारण मी इथे बसलेय."

टेबलापलीकडच्या बाई खोकत होत्या. सिस्टरांनी त्यांना पाणी दिलं. माझ्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटं आईची पेन्सिल वयाच्या ओळीवर तशीच टेकलेली होती. मी या वेळात यंत्राकडे बघितलं नाही.

"मी काट्यावर लक्ष ठेवून होते," ती म्हणाली. "साठच्या वर जाऊ दिला नाही."

"बरं केलंत."

"हवा चांगली होती आत."

मी सोडलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

"भीती वाटली का गं तुला?"

काका, मी आयुष्यात नोंद कधी बदललेली नाही. सुदैवाने बदलावी लागली नाही. मला खरंच काही आठवत नाही, आणि मी तसं सांगितलं. तिने मान हलवली. मग पुठ्ठा जवळ ओढला आणि वय लिहिलं. सत्तावीस. सात जरा हलला, तो तिने पुन्हा गिरवला. खाली तारीख टाकली. पहिली ओळ, कोणाचा, ती कोरी ठेवली. मी त्या ओळीकडे बोट दाखवलं नाही.

भेटीची वेळ संपली होती. केस रात्रभर तसाच राहू दे, लगेच ताणू नकोस, एवढं सांगून तिने पुठ्ठा माझ्या हातात दिला. मी दाराशी पोचले तेव्हा तिने मागून हाक मारली. हातातला पेन्सिलीचा तुकडा वर धरून दाखवला. नखाएवढा उरला होता.

"पुढच्या वेळी येताना नवी आण," ती म्हणाली.

पुतणी